सेंधव्याच्या अलीकडे

ए.बी. रोडने इंदूरहून धुळ्याला निघालं की जुलवानियाच्या पुढे रस्त्याच्या कडेला काळ्या रबराच्या पट्ट्या पडलेल्या दिसतात. ट्रकच्या टायरवरून सोलून निघालेली सालं. लहानपणी आम्ही भावंडं मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभं राहून ती मोजायचो. ते साप आहेत आणि रस्ता ओलांडताना दमून झोपलेत, असं बाबा सांगायचे. धुळं येईपर्यंत आमचा आकडा चाळीसच्या पुढे जायचा आणि त्यावरून भांडणंही व्हायची.

२०२४ च्या मे महिन्यात त्यातला एक साप आमच्याच गाडीखालून निघायचा राहिला.

निमित्त होतं आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. बाबांची ही थोरली बहीण, लग्न होऊन धुळ्याला गेली ती तिथलीच झाली. आता ती अर्धं बोलणं अहिराणीत करते आणि आमच्या इंदुरी मराठीला हसते. आम्ही जाणारे पाच जण: आई, बाबा, मी, माझी दहा वर्षांची लेक आणि माझा भाचा. भाचा चोवीस वर्षांचा, त्याची नोकरी सुपर कॉरिडॉरला. गाडी तोच चालवणार होता. प्रश्न एवढाच होता की गाडी कोणाची न्यायची.

भाच्याची गाडी सेकंड हॅन्ड. चारही टायर तपकिरी पडलेले, जणू कोणी चहाच्या पाण्यात बुडवून काढलेत. एकाच्या बाजूवर उभा खळगा, ओल्या मातीत अंगठा दाबावा तसा. बाबांची गाडी २०१५ ची. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर घेतलेली, दर रविवारी शाम्पूने धुतलेली, टायरना ब्रशने पॉलिश केलेली. नऊ वर्षांत चौतीस हजार किलोमीटर, तेही बरेचसे खजराना गणपती, भाजी मंडई आणि डॉक्टर एवढ्यातच. टायरवरची नक्षी खोल, बाजू काळ्याभोर. आई म्हणाली, "हिचे बघा, नव्या चपलेसारखे दिसतात." त्यावर कोणाचंच दुमत नव्हतं. माझंही नव्हतं.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. पोहे-जलेबी, बाबांचं विसरलेलं चष्म्याचं घर आणि आत्यासाठीची शेव असं करत करत सव्वाआठ वाजले. शहराबाहेरच्या पंपावर हवा बघून घेतली. हवा भरणाऱ्या मुलाने विचारलं, "कितनी रखूँ?" बाबा म्हणाले, "गर्मी है, छब्बीस रख दे. गरम होके बढ़ जाएगी." मुलाने मान डोलावली. हे गणित आपल्याकडे इतकं रूढ आहे की आमच्यापैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो आणि त्यावर भरलेल्या गाडीसाठी ३३ लिहिलेलं होतं, हे आम्ही त्या संध्याकाळी वाचलं.

या रस्त्याची गंमत अशी की अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरमध्ये तो दोन डोंगर आणि दोन नद्या ओलांडतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. मानपूरच्या पुढे विंध्याचा घाट उतरलं की हवाच बदलते. माळव्याची ती 'शब' म्हणून मिरवलेली गार हवा मागे राहते आणि निमाडाचा फुफाटा काचेवर येऊन आदळतो. खलघाटला नर्मदेपाशी पोचेपर्यंत आपण साधारण चारशे मीटर खाली आलेलो असतो. पुलावर आई काच खाली करते, हात जोडते, 'नर्मदे हर' म्हणते आणि पाण्यात नाणं टाकायला बघते. तिला दर वेळी अडवावं लागतं, कारण मागून ट्रक येत असतात. मग ठीकरी, जुलवानिया, दोन्ही बाजूंना कापसाची उघडी पडलेली काळी शेतं. मग सेंधव्याचा किल्ला, सातपुड्याचा बिजासन घाट, घाटात देवीपुढे नारळ फोडायला थांबलेले ट्रकवाले, आणि उतरलं की महाराष्ट्र. पुढे शिरपूरजवळ तापी.

घाट उतरताना चाकं तापतात, सपाटीवर चौपदरी रस्ता मोकळा मिळाला की वेग शंभरावर जातो, आणि खालचं डांबर दुपारी बारा वाजता अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतकं भाजतं. टायरची परीक्षा घ्यायला याहून वेगळं काही लागत नाही. योगायोग असा की याच रस्त्याला लागून पीथमपूरकडे फाटा जातो. तिथे जवळच नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान चाचणी मार्ग आहे. २०२१ मध्ये सुरू झालेला. ब्रिजस्टोनचा टायरचा कारखानाही त्याच भागात आहे. टायर बनतो कुठे आणि तपासतात कुठे, हे सगळं आमच्या घरापासून तासाभरावर. आणि आम्ही मात्र चपलेच्या उपमेवर गाडी निवडून निघालो होतो.

जुलवानिया मागे पडून थोडा वेळ झाला असेल. भाचा म्हणाला, "आत्या, गाडी थरथरतेय का?" मला काही जाणवलं नाही. मागे बसलेल्या आईला जाणवलं. ती म्हणाली, "माझ्या खालून कोणीतरी दार ठोकतंय." पाचेक मिनिटांत ते ठोकणं सगळ्यांनाच ऐकू यायला लागलं. धप, धप, धप. वेग वाढला की जलद, कमी झाला की सावकाश.

इथे भाच्याला शंभर गुण. त्याने करकचून ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं, इंडिकेटर दिला आणि गाडी आपोआप मंदावू देत डावीकडे घेतली. टायर दगा देत असताना ब्रेकवर उभं राहिलं की गाडी फिरते. हे त्याला कोणी शिकवलं, विचारलं तर म्हणाला, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाही, व्हिडिओ बघून. असो, कुठून का होईना.

उतरून बघितलं तर चारही चाकांत हवा होती. पंक्चर नव्हतं. थोड्या अंतरावर एका बाभळीला जुना टायर टांगलेला दिसला. या रस्त्यावर पंक्चरच्या दुकानाची ती पाटीच. गाडी पायी चालण्याच्या वेगाने तिथवर नेली. ताडपत्रीखाली पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. मागच्या डाव्या चाकावरून, जिथे टायर रस्त्याला टेकतो त्या नक्षीवरून, तळहात फिरवला आणि एका जागी थांबले. मग माझ्या भाच्याचा हात धरून तिथे ठेवला. गोधडीखाली मांजर झोपल्यावर दिसतो तेवढा उंचवटा. बाकी टायर गरम होता, ती जागा चटका बसेल इतकी गरम.

"अंदर से छूट गया है साहब. थोड़ा और चलते तो पट्टा निकल जाता."

बाबा म्हणाले, काही हरकत नाही, स्टेपनी आहे, एकदम कोरी. आणि खरंच, डिकीतून निघालेली स्टेपनी रस्त्याला कधी टेकलीच नव्हती. साच्यातून निघताना रबराचे जे बारीक केस राहतात, तेही तिच्यावर शाबूत होते. चाचांनी ओलं फडकं घेऊन तिची बाजू पुसली आणि चार आकडे दाखवले. ४६१४.

"छियालीसवाँ हफ्ता, दो हज़ार चौदह. नई नहीं है साहब. बस चली नहीं है."

मग त्यांनी बाकीचे तीन पुसले. बाबांच्या पॉलिशचा काळा थर फडक्यावर आला आणि खालचा राखट टायर उघडा पडला. त्यावर कोरड्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा होत्या. बाजूवर बारीक होत्या, पण नक्षीच्या खाचांच्या तळाशी नख जाईल इतक्या खोल. अंगठ्याने दाबलं की तोंड उघडायच्या. बाबा ते बघत उभे होते. काही बोलले नाहीत. लेकीने विचारलं, "आबा, हा पण साप झाला असता का?" तेव्हा ते गाडीत जाऊन बसले.

दुसरा इलाज नव्हता म्हणून तीच स्टेपनी लावून, पन्नासच्या वर न जाता, सेंधवा गाठलं. तिथे दोन टायर मिळाले. नवे दोनच असतील तर ते मागे लावायचे, हे दुकानदाराने सांगितलं. आम्हाला वाटायचं पुढे. मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं आपल्या हातचं नसतं, म्हणून चांगली जोडी मागे. पुढचे दोन दुसऱ्या दिवशी धुळ्यात बदलले. जुने टायर सेंधव्याचा दुकानदार किरकोळ पैशांत घ्यायला तयार होता. भाच्याने विचारलं, याचं काय करणार? तो नुसता हसला. असे टायर पुन्हा पॉलिश होऊन कोणाच्या तरी गाडीखाली जातात हे उघड होतं. बाबांनी त्याच्याकडून चाकू मागितला आणि टायरांच्या बाजूंना स्वतः चीर दिली. दिवसभरात त्यांनी केलेलं ते पहिलंच काम.

त्या रात्री आत्याच्या गच्चीवर गाद्या घातल्या होत्या. मला वाटत होतं बाबांना आमचा राग आला असेल. सगळ्या घरात गाडीची सगळ्यात जास्त काळजी तेच घेतात, आणि नेमकं त्यांच्याच गाडीने आम्हाला रस्त्यात उभं केलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "केबलचं इन्सुलेशन असंच जातं. स्टोअरमध्ये ड्रमवर गुंडाळलेलं पडून पडून. वापरलं नाही म्हणून चांगलं असेल, असं म्हणणाऱ्या ज्युनिअरला मी शिव्या दिल्यात." मग कूस बदलली.

टायर झिजतो हे आपल्याला माहीत असतं. तो म्हातारा होतो, हे लक्षात येत नाही. रबर हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन शोषत राहतं आणि हळूहळू कडक होतं. उष्णतेत हे लवकर होतं. म्हणून महाबळेश्वरातला टायर आणि खरगोनचा टायर एकाच वयाचे असले तरी एकाच प्रकृतीचे नसतात. रबरात मेणासारखी आणि ओझोनशी लढणारी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो-सुटतो, त्या मळणीने ती पृष्ठभागावर येत राहतात आणि त्याला राखतात. गाडी उभीच राहिली तर ती नीट वर येत नाहीत. म्हणजे आठवड्यातून एकदा मंडईत जाणाऱ्या, उरलेला वेळ पोर्चमध्ये अर्ध्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे टायर रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर भेगाळू शकतात. काही चकचकीत पॉलिशं तर वर आलेला हा थरच धुऊन काढतात.

खरा धोका मात्र भेगांच्याही आत असतो. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात. त्यांच्यामधलं रबर कडक झालं की पट्ट्यांच्या कडांपाशी ते सुटायला लागतं. त्यात हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, आणि वारंवार वाकवलेली तार तापते तसा आतून तापतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची या आपल्या शहाणपणाने नेमकं हेच होतं. तापल्यावर दाब वाढणार, हे टायर बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. दाब सकाळी गार टायरवर मोजायचा, स्टिकरवर असेल तेवढा भरायचा, आणि वाटेत गरम टायरची हवा सोडायची नाही. आमच्या गाडीत साडेनऊ वर्षांचं रबर, सात पौंड कमी हवा, पाच माणसं, सामान, मे महिना आणि शंभरचा वेग हे सगळं एकत्र आलं होतं. यातल्या एकाला दोष देता येणार नाही, पण दोन गोष्टी जरी कमी असत्या तरी कदाचित आम्ही वेळेत जेवायला पोचलो असतो.

इंदूरला परत आल्यावर भाचा छावणीतल्या एका जुन्या टायरवाल्याकडे स्वतःची गाडी घेऊन गेला. मीही गेले. त्याचे ते घाण दिसणारे तपकिरी टायर फेकूनच द्यावे लागणार, अशी आमची मानसिक तयारी झाली होती. उस्तादांनी गाडी वर उचलली आणि आधी आकडा शोधला. तो पूर्ण आकडा टायरच्या एकाच बाजूला असू शकतो आणि बरेचदा आतल्या. डीओटी ही अक्षरं, मग काही अक्षरं-आकडे, आणि शेवटचे चार आकडे कामाचे: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. भाच्याच्या टायरवर ३१२१ होतं. म्हणजे तीन वर्षांचेही नव्हते.

"और ये रंग?" मी विचारलं. ते रंग म्हणजे तीच राखण करणारी द्रव्यं. वर येऊन हवा लागली की तपकिरी पडतात. साबणाच्या पाण्याने पुसली तर जातील, नाही पुसली तरी काही बिघडत नाही. आणि तो खळगा? उस्तादांनी खळग्यात बोट घातलं. टायरच्या बाजूत आत कापडासारखे धाग्यांचे थर असतात. त्यांची दोन टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे जागा थोडी दुहेरी, म्हणून ताठ. हवा भरली की बाकी बाजू फुगते आणि ती जागा मागे राहते. हवा नीट असेल तर उलट जास्त दिसते.

"अंदर दबा है तो जोड़ है. बाहर फूला होता तो मैं चाबी आपको वापस नहीं देता."

बाहेर आलेला फुगा म्हणजे खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेत आणि हवा फक्त रबराच्या जिवावर थांबली आहे. त्याला दुरुस्ती नाही. सुपारीएवढा असला तरी नाही. त्यांच्या दुकानात भिंतीशी असा एक टायर ठेवला होता. चारच महिन्यांचा, काळा कुळकुळीत, लिंबाएवढा फुगा आलेला. त्याच्या मालकाला तो टायर टाकून द्यायचा नव्हता, दोन दिवस वाद घालत होता म्हणे.

भाच्याची गाडी अगदीच निर्दोष निघाली असं नाही. पुढच्या उजव्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच झिजली होती. स्टिअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय ते दिसतच नव्हतं. अलाइनमेंट करून घ्यावी लागली. मधोमध झिज असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर कमी, एकाच कडेला असेल तर चाकाचा कोन बिघडलेला. उस्ताद हे नाडी बघितल्यासारखं सांगत होते. एका टायरला नक्षीत खिळ्याचं जुनं पंक्चर होतं, ते ठीक. तेच बाजूला असतं तर टायर बाद.

नक्षीची खोली मोजायला भाच्याने शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा छोटा गेज आणला. नव्या मोटारीच्या टायरची खोली साधारण आठ मिलिमीटर असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही. गेज नसला तरी खाचांच्या तळाशी आडवे छोटे बांध असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आपल्या भाषेत गोटा झाला. भाच्याची खोली पाच भरली. बाबांच्या काढून टाकलेल्या टायरांची सहाच्या वर होती! नियमात बसणारे, बघायला सुंदर, आणि आतून सुटलेले.

वयाचं काय? बहुतेक टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून बघून घ्या आणि दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी बदला, स्टेपनीसकट. काही मोटार कंपन्या सहाच वर्षं सांगतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली एका बसचा पुढचा टायर फुटून तीन माणसं गेली. तो टायर जवळपास वीस वर्षांचा होता आणि त्यावर नक्षी शिल्लक होती. त्यानंतर बऱ्याच पाठपुराव्याने १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदी झाली. भाचा म्हणाला, पॉल वॉकर ज्या पोर्शेत गेला तिचे टायरही नऊ वर्षांचे होते. हे खरं आहे. तपासात वेग हे मुख्य कारण निघालं, पण टायरच्या वयाचीही नोंद झाली. मी स्वतः आता निमाडच्या उन्हाचा विचार करून सहा-सात वर्षांवर रेघ ओढते. तुम्ही पचमढीत राहत असाल तर थोडी पुढे ओढा.

हे सगळं मी इतकं तपशिलात लिहितेय ते तुमच्यापैकी पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मुलामुलींसाठी. तुमच्या आईबाबांच्या पोर्चमध्येही अशी एक गाडी असेल. पुसलेली, कव्हर घातलेली, कमी चाललेली. तुम्ही दिवाळीला येता, चार दिवस हाताशी असतात, आणि तीच गाडी काढून सगळ्यांना मांडूला, नाही तर थेट शिर्डीला नेता. वर्षभर तिशीच्या वेगाने चाललेल्या त्या टायरना शंभरचा वेग त्या एका दिवशीच भेटतो. निघायच्या आदल्या दिवशी, घरात कोणाचं मन न दुखवता, फडकं घेऊन तेवढे चार आकडे बघून घ्या. चार नाही, पाच टायरचे. नव्या गाड्यांत स्टेपनी बारीक असते आणि तिच्यावर ताशी ८० चा स्टिकर असतो, तोही तेव्हाच वाचा. बाबांना 'टायर बदला' म्हणालात तर ते 'अजून नवे आहेत' म्हणणार. त्यांचं म्हणणं किलोमीटरच्या हिशेबाने बरोबरच असतं. आमच्याकडे केबलचा दाखला कामी आला. तुमच्याकडे दुसरं काही शोधावं लागेल. निवृत्त डॉक्टरांना औषधाच्या बाटलीवरची तारीख पुरेल.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भाऊबीजेला बाबा पुन्हा धुळ्याला निघाले. आत्याने फोनवर विचारलं, "या वेळी कोणत्या गाडीने येणार? सोज्वळ की कुरूप?" कुरूप गाडीने गेलो. भाच्याने मुद्दाम टायर धुतले नव्हते. हवा घरीच, सकाळी गार असताना, ३३. मेमध्ये भाजून निघालेला रस्ता आता हिरवा होता. मानपूरच्या घाटात टोपल्या मांडून सीताफळं विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. आम्ही थांबलो. आई डोळे फुटलेली सीताफळं निवडत होती, हातात घेऊन दाबून, एकेक नाकारत. आणि बाबा कुठे गेले म्हणून बघितलं तर पलीकडे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी पांढऱ्या गाडीशेजारी वाकले होते. रुमालाने टायर पुसून वाचत होते. गाडीचा मालक, पंचविशीचा मुलगा, जरा गोंधळून बाजूला उभा. बाबांनी त्याला पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "बाईस का है. बढ़िया है. स्टेपनी देखी?" त्याने नाही म्हटलं. मग त्या दोघांनी मिळून सामान खाली काढलं, आणि आमचा तिथे अर्धा तास गेला.

सेंधव्याच्या अलीकडे बाभळीला टायर तसाच टांगलेला होता. आईने निवडलेल्या टोपलीतली सहा सीताफळं काढून बाबा स्वतः चाचांना द्यायला उतरले. चाचांनी ओळखलं की नाही, कळेना. दिवसाला किती गाड्या येत असतील त्यांच्याकडे. त्यांनी सीताफळं घेतली, शुक्रिया म्हणाले, आणि हात पुसत आपणहून मागच्या चाकांवरून तळहात फिरवला. डावं, मग उजवं. मग म्हणाले, "स्टेपनी?"

बाबांनी डिकी उघडली. "अठारह, चौबीस," त्यांनी न बघताच सांगितलं. चाचांनी तरी फडकं ओलं केलं.